मदत हवी आहे : हा इंग्रजी शब्द मूळचा आपलाच ना? (तातडीचं)

गुऱ्हाळवाला : डब्याचं डिझाइन आज संध्याकाळी छापायला जातंय. पुतण्या म्हणतोय, शब्द पोर्तुगीज आहे. मी म्हणतो आपलाच. एका ओळीत सांगा, वाद नको.

शब्दखुळा : कुठला शब्द?

गुऱ्हाळवाला : जॅगरी हो! कोल्हापुरातनं डबा म्हटल्यावर आणि काय असणार, शांपू?

रंकाळाकाठ : सरळ आहे की. गुळातला ‘ग’ जॅगरीत बसलाय. इंग्रजानं पुढं ‘जॅ’ चिकटवला.

शब्दखुळा : कशाला चिकटवंल, पाव्हणं? गूळ आला संस्कृत ‘गुड’पासनं, म्हणजे गोळा. जॅगरीचं घराणंच वेगळं. संस्कृत शर्करा म्हणजे आधी बारीक खडे, वाळू. मग दाणेदार साखर. तिचं कन्नडात सक्करे, मल्याळीत चक्करा. ते पोर्तुगीजांनी उचलून ‘जागरा’ केलं आणि तिथनं १६व्या शतकाच्या शेवटी इंग्रजीत गेलं. पुतण्या निम्मा बरोबर.

मूळचा_कारवारी : कन्नडात गुळाला बेल्ल म्हणतात. सक्करे म्हणजे साखर. उगा घोळ नको.

शब्दखुळा : घोळ तर आहेच! तीच शर्करा फारसीत शकर, अरबीत सुक्कर, मग लॅटिन-फ्रेंच करत इंग्रजीत शुगर. म्हणजे शुगर आणि जॅगरी चुलत बहिणी, एक अरबांच्या वाटेनं गेली, दुसरी गलबतातनं. आणि ‘खंड’ फारसीत कंद झाला, त्याची कँडी.

शेतावरची_काकू : रसातली मळी काढायला भेंडी घालता का पावडर? पिवळाधमक गूळ दिसला की मी परत फिरते. आमच्यात मळी निघंस्तोवर गुळव्या काहिलीजवळनं हलत नव्हता.

रंकाळाकाठ : काकू, शब्दाचं चाललंय.

शब्दखुळा : डब्यावर नेमकं लिहिलंय काय?

गुऱ्हाळवाला : ‘जॅगरी हा शब्द जगाला कोल्हापूरनं दिला.’

शब्दखुळा : अहो, हे आधी सांगायचं! जुन्या इंग्रजी लिखाणात जॅगरी म्हणजे बहुतेकदा माडाताडाचा गूळ, उसाचा नव्हे. काढा ती ओळ.

मूळचा_कारवारी : त्यापेक्षा कोल्हापुरी गुळाचं २०१४चं भौगोलिक मानांकन छापा. त्याचे वापरकर्ते म्हणून नोंद आहे ना तुमची?

गुऱ्हाळवाला : नाही अजून. छापखान्यातनं तिसरा फोन आला. नुसतं ‘कोल्हापुरी गूळ’ ठेवतो, मराठीत. पुतण्याला यातलं काही सांगू नका. काकू, भेंडीच घालतो.

शेतावरची_काकू : मग किलोच्या चार ढेपा बाजूला ठेवा.