बिली वॅगनर: ९०३ इनिंगचा पिचर हॉल ऑफ फेममध्ये हवा का?

डावखुरा

जुलै २०२५ मध्ये बिली वॅगनर बेसबॉलच्या कूपरस्टाउन इथल्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे महान खेळाडूंच्या सन्मान-दालनात गेला. मुख्यतः रिलीफ टाकणारा, म्हणजे सामन्यात मागाहून येणारा, तिथला पहिला डावखुरा पिचर (चेंडू टाकणारा). तेव्हापासून आमच्या मित्रांत वाद चालू आहे, की सामन्यात एकच इनिंग टाकणाऱ्याला एवढा मान द्यावा का. माझ्या मते द्यावाच. उलट मतदानात दहा वर्षं ताटकळत ठेवलं, हाच अन्याय झाला.

ज्यांनी फक्त क्रिकेट पाहिलंय त्यांच्यासाठी: क्लोजर बहुतेक वेळा नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगला येतो. आघाडी जेमतेम एक, दोन किंवा तीन धावांची. तीन आऊट घेऊन ती टिकवली की त्याच्या नावावर एक 'सेव्ह' लागतो. वॅगनरचे असे ४२२.

पण मला जास्त मोलाचा वाटतो तो त्याचा हात. हा मुलगा जन्माने उजखुरा. व्हर्जिनियात गरिबीत वाढला, आज या नातेवाइकाकडे तर उद्या त्या. फुटबॉल खेळताना उजवा हात मोडला, बरा होतो न होतो तोच पुन्हा मोडला. मग डाव्या हाताने भिंतीवर चेंडू मारत बसला. त्याच डाव्या हाताने पुढे ताशी १०० मैल, म्हणजे १६१ किलोमीटर. २००३ च्या वर्ल्ड कपमध्ये शोएब अख्तरने लांबून धावत येऊन गाठलेला वेग हा गडी मातीच्या उंचवट्यावरून, जागेवर उभा राहून काढायचा. (बेसबॉलमध्ये कोपर वाकवायला बंदी नाही, म्हणून तुलना फक्त वेगाची.) उंची ५ फूट १० इंच. पिचरांत ही उंची कमीच.

कसोटीप्रेमी

हाताची गोष्ट मनाला भिडते, पण मत गोष्टीला द्यायचं नसतं. वॅगनरची सगळी कारकीर्द ९०३ इनिंगची. त्याच दिवशी हॉलमध्ये गेलेल्या सीसी सबाथियाने ३५७७ टाकल्या, जवळजवळ चौपट. स्टार्टरला, म्हणजे सामना सुरू करणाऱ्या पिचरला, तोच बॅटर एका सामन्यात तीन-तीनदा भेटतो. पहिल्यांदा चकलेला तिसऱ्यांदा शिकून येतो. क्लोजरला ती परीक्षाच नाही. पंधरा-वीस चेंडू जीव तोडून टाकायचे आणि घरी जायचं.

सेव्हचं म्हणाल तर जॉन फ्रँकोचे ४२४ आहेत, वॅगनरपेक्षा दोन जास्त, आणि तोही डावखुराच. २०११ मध्ये पहिल्याच वर्षी त्याला ५ टक्केसुद्धा मतं मिळाली नाहीत आणि त्याचं नाव यादीतून कायमचं गेलं. मग वॅगनरला वेगळा न्याय का?

डावखुरा

फ्रँकोचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे, दादा. सेव्ह हे माप नाहीच, ते मॅनेजरच्या सोयीवर आणि संघाच्या आघाडीवर ठरतं. वॅगनरने घेतलेल्या २७०९ आऊटपैकी ११९६ स्ट्राइकआऊट, म्हणजे चेंडू मैदानात मारूच न देता घेतलेले. शंभरातले ४४! क्षेत्ररक्षकाने नुसतं उभं राहायचं. समोरच्या बॅटरांची सरासरी .१८७, म्हणजे शंभर प्रयत्नांत जेमतेम १९ हिट. कारकिर्दीचा ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर लागलेल्या धावा, २.३१. दुसरा क्लोजर ट्रेव्हर हॉफमन, त्याचा २.८७ होता आणि तो २०१८ लाच आत गेला.

न्यूजर्सीकर

मी न्यूयॉर्क मेट्सचा, वॅगनरच्या तेव्हाच्या संघाचा चाहता. १३ ऑक्टोबर २००६ ला शे स्टेडियममध्ये होतो, ऑफिसातल्या दोघांबरोबर. प्लेऑफचा दुसरा सामना, ६-६ बरोबरी, नववी इनिंग. बुलपेनचं (राखीव पिचरांच्या जागेचं) दार उघडून वॅगनर आला तेव्हा सगळं मैदान उभं राहिलं. समोर सेंट लुईसचा सो तागुची, ज्याने अख्ख्या सीझनमध्ये दोन होमरन (थेट भिंतीपलीकडचे फटके) मारले होते. तो एकेक चेंडू फाऊल करत, म्हणजे रेषेबाहेर मारत राहिला. आणि नवव्या चेंडूवर डावीकडच्या भिंतीपलीकडे! माझ्या पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि उरलेला वेळ तिच्याकडेच बघत बसला. ९-६ हरलो.

प्लेऑफमध्ये वॅगनरचा ईआरए १०.०३ आहे. मोठ्या रात्री ज्याने उभं राहायचं, तोच कोसळला. हॉलमध्ये एकमताने गेलेला क्लोजर मारियानो रिवेरा, त्याचा तिथे ०.७० आहे. एकमताने कुणाला घ्यायचं, हे यावरूनच कळतं.

डावखुरा

तुमचं दुःख मी खोडणार नाही. पण १०.०३ म्हणजे किती, तेही बघा: सगळ्या कारकिर्दीत प्लेऑफचे १४ सामने, ३५ आऊट, १३ धावा. ३५ आऊटवरून २७०९ पुसायचे? आणि त्याच मालिकेच्या सातव्या सामन्यात यादिएर मोलिनाने नवव्या इनिंगला होमरन मारून तुम्हाला घरी पाठवलं, तेव्हा चेंडू एरन हाईलमनच्या हातात होता. वॅगनरला आणलंच नव्हतं.

कसोटीप्रेमी

का आणलं नव्हतं? कारण क्लोजरला बहुधा आघाडीसाठी राखून ठेवतात. माझा आक्षेप नेमका हाच आहे. संघाला सर्वांत जास्त गरज असते तेव्हा हा माणूस बाकावर असतो. दोष त्याचा नाही हे मान्य, पण त्यामुळे त्याचं काम कमीच भरतं.

शेवटचं षटक

डेथ ओव्हर टाकणाऱ्यांबद्दल हेच बोललं जायचं. चार षटकांत काय मोठेपण, असं. आता संघ आधी त्यांनाच शोधतात.

मतांचा आलेखही बघा. २०१६ मध्ये वॅगनरला १०.५ टक्के. २०२४ मध्ये ७३.८, पाच मतांनी हुकला. २०२५, शेवटची संधी, ८२.५. मधल्या काळात त्याने एक चेंडू टाकला नाही, बदलली ती बघणाऱ्यांची नजर.

न्यूजर्सीकर

नजर बदलली म्हणून तागुचीचा चेंडू परत येत नाही.

पण एक गोष्ट मी त्याच्या बाजूने सांगतो, कारण ती खरी आहे. २००८ मध्ये, ३७ व्या वर्षी, त्याच्या डाव्या कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. फाटलेल्या लिगामेंटच्या जागी दुसरीकडचा स्नायुबंध बसवतात. आम्ही म्हटलं, संपला. २०१० मध्ये अटलांटासाठी ६९ इनिंगमध्ये १०४ स्ट्राइकआऊट, ईआरए १.४३. निवृत्ती त्याने आधीच जाहीर केली होती, मुलांसोबत राहायचं म्हणून. ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दहाव्या इनिंगला आला, बंट (बॅट नुसती लावून हळूच टाकलेला चेंडू) उचलायला धावला आणि बरगडीखालचा स्नायू दुखावला. तरी पहिल्या बेसवर चेंडू फेकून आऊट घेतलाच, मग कमरेत वाकूनच उभा राहिला. कारकिर्दीतला तो शेवटचा आऊट.

माझं मत अजून 'नाही'च आहे. पण त्या रात्री टीव्हीसमोर मी टाळ्या वाजवल्या होत्या.