पासवर्ड बदलल्यावर जीमेलची स्वयंचलित स्क्रिप्ट बंद पडली

प्रश्न

नमस्कार. आमच्या वाचनालयासाठी मी पायथनमध्ये एक छोटी स्क्रिप्ट लिहिली आहे. ज्या सभासदांची पुस्तक परत करण्याची मुदत उलटली आहे, त्यांना ती रोज सकाळी सहा वाजता स्मरणपत्र पाठवते. मे २०२२ च्या अखेरीस गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या पासवर्डवरचे लॉगिन बंद केले, तेव्हा मी ॲप पासवर्ड (एखाद्या प्रोग्रामसाठी गूगलकडून मिळणारा वेगळा पासवर्ड) घेऊन काम भागवले होते. गेल्या सोमवारी ग्रंथपालबाईंनी खात्याचा पासवर्ड बदलला आणि तेव्हापासून ५३५ ही लॉगिन नाकारल्याची त्रुटी येऊ लागली. नवा ॲप पासवर्ड घातला, तर आता लॉगिनच्या ओळीवर ॲस्की (साधी इंग्रजी अक्षरे, अंक व चिन्हे यांपुरती संकेतपद्धती) एन्कोडिंगची निराळीच त्रुटी येते. आता ओऑथकडे, म्हणजे पासवर्ड न देता प्रोग्रामला ठरावीक परवानगी देण्याच्या पद्धतीकडे, वळणेच योग्य ठरेल का?

पहिले उत्तर

आपल्या दोन्ही त्रुटींची कारणे वेगवेगळी आहेत. खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की आधीचे सर्व ॲप पासवर्ड आपोआप रद्द होतात; ५३५ त्यामुळेच आली. दुसरी त्रुटी बहुधा नकल करताना शिरली असावी. ॲप पासवर्ड सोळा अक्षरांचा असतो आणि पडद्यावर चार-चार अक्षरांच्या गटांत दिसतो. तो तसाच उचलून चिकटवला, तर मधली मोकळी जागा पुष्कळदा साधी नसून न तुटणारी असते, जी डोळ्यांना ओळखू येत नाही, पण पायथनच्या लॉगिनला ॲस्कीत बसवता येत नाही. सोळा अक्षरे हाताने, सलग टंकित करून पाहा. मेल पाठवायला पोर्ट ५८७ वापरत असाल, तर लॉगिनच्या आधी स्टार्टटीएलएस (जोडणी कूटबद्ध करणारी आज्ञा) सुरू होत असल्याची खात्री करा.

आणि एक कळकळीची विनंती: हा पासवर्ड स्क्रिप्टच्या मजकुरात ठेवू नका. ती फाइल कोणाला पाठवली, तर पूर्ण टपालपेटीची किल्लीच त्याच्या हाती जाईल. पासवर्ड वेगळ्या फाइलीत ठेवून ती वाचण्याचा अधिकार फक्त आपल्या वापरकर्त्याला द्या.

दुसरे उत्तर

ओऑथ अधिक सुरक्षित आहे, कारण त्यात केवळ मेल पाठवण्यापुरती परवानगी देता येते. मात्र ओऑथसाठी गूगल क्लाउडमध्ये तयार केलेला आपला प्रकल्प बाह्य वापरकर्त्यांसाठी असून ‘चाचणी’ स्थितीत राहिला, तर रिफ्रेश टोकन (पुन्हा लॉगिन न करता परवानगी चालू ठेवणारी डिजिटल खूण) सात दिवसांत संपते. पहिला आठवडा सुरळीत जातो, आठव्या दिवशी स्क्रिप्ट थांबते आणि माणूस कोडमध्ये दोष शोधत बसतो. माझे स्वतःचे दोन दिवस असेच गेले. शिवाय जीमेलची परवानगी असलेले टोकन खात्याचा पासवर्ड बदलल्यावरही रद्द होते, म्हणजे आपली मूळ अडचण तिथेही सुटत नाही. एका वाचनालयाच्या एका स्क्रिप्टसाठी ॲप पासवर्ड पुरेसा आहे, असे माझे मत आहे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्क्रिप्ट बंद पडल्याचे कोणाला तरी कळले पाहिजे, आणि ती सूचना त्याच खात्यातून पाठवून उपयोग नाही.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. अक्षरे हाताने टंकित केल्यावर लॉगिन झाले आणि आज सकाळी स्मरणपत्रे गेली. शेवटचे मेल कधी गेले, ती तारीख आता ग्रंथपालबाईंच्या संगणकावर एका फाइलीत नोंदवली जाते, आणि पासवर्ड बदलण्याआधी मला फोन करण्याचे त्यांनी मान्य केले आहे.