मदत हवी आहे: स्नोमोबाइल की स्नो बाइक?

जागा कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातल्या रेव्हलस्टोकजवळची: दाट झाडी, उभे उतार, खोल भुसभुशीत बर्फ. पर्याय दोन. ८५० सीसी टू-स्ट्रोक स्नोमोबाइल, १५४ इंची ट्रॅक (बर्फावर गाडी ढकलणारा रबरी पट्टा). किंवा स्नो बाइक, म्हणजे ४५० सीसी डर्ट बाइकला पुढे स्की, मागे १२९ इंची ट्रॅकचं किट.

झाडांतून आडवं जायला बाइकच सरस, रुतली तरी एकट्याला निघते. पण ताकद निम्म्याहून कमी, टाकी जेमतेम ७-८ लिटरची, आणि थंडीत इंजिन गारठतं, म्हणून थर्मोस्टॅट हवाच. स्नोमोबाइलचं उलट: कडक बर्फावर स्क्रॅचर (बर्फ खरवडून कूलरवर उडवणारे आकडे) खाली न सोडल्यास तापते.

सोबतचे सगळे स्नोमोबाइलवाले, रोज साधारण ८० किमी. बाइक घेतल्यास जादा टाकी टनेलवर (ट्रॅकवरच्या धातूच्या आच्छादनावर) बसवावी का? मागे वजन वाढून चढावर स्की हलकी पडते का? मग ट्रॅक १३७ इंची घ्यावा?