अनुभव धागा: योगी, बू-बू आणि रेंजरसाहेब

१९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात सुरू झाले, त्या सुमारास साताऱ्यातल्या आमच्या वाड्यात केबलची तार नुकतीच आली होती. त्या वाहिनीवर दिवसभर कार्टून चालत आणि रात्री ठरलेल्या वेळेला तिथेच टीएनटी या वाहिनीचे जुने इंग्रजी चित्रपट सुरू होत. ज्यांना हे आठवते, त्यांना योगी बेअरही आठवत असेल. हिरवी हॅट, पांढरी कॉलर आणि हिरवा टाय एवढाच पोशाख असलेला हा तपकिरी अस्वल जेलीस्टोन नावाच्या उद्यानात राहतो, सहलीला आलेल्या कुटुंबांच्या जेवणाच्या टोपल्या नाना युक्त्या लढवून पळवतो आणि आपण इतर अस्वलांपेक्षा हुशार असल्याचे अभिमानाने सांगतो. त्याच्यासोबत गळ्यात बो बांधलेला लहानखुरा बू-बू असतो. उद्यानाची देखरेख करणाऱ्या रेंजर स्मिथसाहेबांना हे आवडणार नाही, असे तो हलक्या आवाजात बजावतो आणि तरीही योगीच्या मागोमाग जातो.

विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीने टॉम आणि जेरी घडवले होते. १९५७ मध्ये एम.जी.एम. या हॉलिवूडच्या चित्रपटसंस्थेचा कार्टून विभाग बंद झाल्यावर त्यांनी दूरचित्रवाणीसाठी स्वतःची संस्था काढली. योगी प्रथम दिसला तो सप्टेंबर १९५८ मध्ये, हकलबरी हाउंड या निळ्या कुत्र्याच्या कार्यक्रमातली एक छोटी गोष्ट म्हणून. तो लोकांना इतका आवडला की जानेवारी १९६१ मध्ये त्याचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला. म्हणजे आपण ज्याला नवे कोरे समजून पाहत होतो, ते आपल्यापर्यंत पोहोचले तेव्हा सुमारे पस्तीस वर्षांचे झालेले होते.

हा धागा काढण्यामागे माझा एक प्रश्न आहे. योगीविषयी सगळेच बोलतात, पण तुमच्या आयुष्यातला बू-बू कोण होता, की तुम्हीच कोणाचे बू-बू होता? मी होतो. माझा थोरला भाऊ शेजारच्या परसातले पेरू काढायला भिंतीवर चढे आणि मी खाली पिशवी धरून उभा राहत असे. “दादा, काकू ओरडतील” हे माझे ठरलेले वाक्य होते. दादाने ते एकदाही ऐकले नाही आणि मीही पिशवी टाकून एकदाही घरी गेलो नाही. पडद्यावर बू-बू पहिल्यांदा बोलला तेव्हा त्याचे इंग्रजी मला कळले नाही, पण तो काय म्हणाला असेल, हे मात्र मला अगदी नेमके कळले.

तुमचे अनुभव सविस्तर लिहा, अशी मनापासून विनंती आहे.

परतवाडा, आता नागपूर

माझे वडील वनखात्यात वनपरिक्षेत्र अधिकारी होते. हे पद कागदावर कितीही लांबलचक असले, तरी मेळघाटातल्या गावांत त्यांना सगळे “रेंजरसाहेब”च म्हणत. त्यामुळे योगी जेव्हा हॅट छातीशी धरून स्मिथला “मिस्टर रेंजर, सर” म्हणे, तेव्हा आम्ही दोघी बहिणी पडद्याकडे न पाहता वडिलांकडे पाहत असू. तुम्ही सगळे योगी किंवा बू-बू यांच्या बाजूने असाल, पण आमच्या घरात मात्र स्मिथची काळजी करणारी माणसे होती. त्याला सुट्टी मिळत नाही, वरिष्ठांचा फोन आला की तो ताठ उभा राहतो, उद्यानात काहीही घडले तरी जबाब त्यालाच द्यावा लागतो, हे सगळे आमच्या ओळखीचे होते.

एका रविवारी वडील आमच्याबरोबर बसले आणि त्यांनी सलग दोन भाग पाहिले. मग त्यांनी आम्हाला मेळघाटातल्या अस्वलांविषयी जे सांगितले, ते मी आजवर विसरलेले नाही. आपले अस्वल योगीसारखे हिवाळाभर झोपत नाही. ते वर्षभर हिंडते, वारुळे उकरून वाळवी खाते, मध खाते आणि चैत्रात मोहाची फुले गळू लागली की पहाटे झाडाखाली येते. त्याच पहाटे, त्याच झाडाखाली, डोक्यावर टोपली घेऊन गावातली माणसेही फुले वेचायला येतात. अंधुक उजेडात दोघे अचानक समोरासमोर आले की अस्वल घाबरून अंगावर धावून जाते आणि माणसाचा चेहरा फाटतो. अशा घटनांचे पंचनामे वडिलांनी स्वतः लिहिले होते. “तिथे टोपली सहलीची आहे,” ते म्हणाले, “आपल्याकडे टोपली पोटाची आहे, आणि ती दोघांनाही लागते.”

त्यानंतर मी योगी पाहणे सोडले नाही. उलट जास्त मन लावून पाहू लागले, कारण स्मिथ आणि योगी एकमेकांवर कितीही चिडले तरी शेवटी दोघे एकाच जंगलात राहणारे होते. माझे वडीलही बदलीचा आदेश आला तेव्हा घरासाठी नव्हे, त्या जंगलासाठी रडले होते.

बार्शी

माझे वय सत्याहत्तर आहे, म्हणून माझा अनुभव थोडा वेगळा आहे. आमच्या लहानपणी अस्वल यायचे ते दरवेशाबरोबर. त्याच्या नाकात वेसण असे, तोंडाला मुसके असे आणि दरवेशाने काठी आपटली की ते मागच्या पायांवर उभे राहून नाचे. मुलाची भीती जावी म्हणून आयाबाया त्याला अस्वलाच्या पाठीवर बसवत आणि अस्वलाचा केस ताइतात घालून मुलाच्या गळ्यात बांधत. मलाही असे बसवले होते. त्या पाठीचा वास आणि त्या जनावराचे थरथरणे माझ्या अंगाला अजून आठवते.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाल्यावर हे खेळ बेकायदा ठरले आणि पुढे हळूहळू दिसेनासे झाले. १९९६ च्या सुमारास माझा नातू योगी बेअर पाहत असताना मी सहज जवळ बसलो. वेसणीऐवजी टाय घातलेला, माणसांशी बरोबरीने बोलणारा आणि कोणाच्याही काठीवर न नाचणारा अस्वल मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. नातू हसत होता. मला हसू आले नाही, पण फार बरे वाटले, आणि त्यानंतर त्या वेळेला मी रोज तिथे बसू लागलो. मोठ्या अस्वलाच्या मागे धावणारे ते छोटे अस्वल मला अधिक आवडे, कारण त्याला कोणी आईपासून तोडून आणलेले नव्हते.

पुणे

मी ॲनिमेशनचे शिक्षण घेतले आणि आता ध्वनिसंकलनाचे काम करते. वर पोशाखाचा उल्लेख आला आहे, म्हणून त्यामागचे कारण लिहिते. चित्रपटगृहासाठी सात मिनिटांचे कार्टून करताना पूर्वी सुमारे चौदा हजार चित्रे लागत. दूरचित्रवाणीच्या तुटपुंज्या पैशात हॅना आणि बार्बेरा यांना ते काम सुमारे दोन हजार चित्रांत बसवावे लागले. मग त्यांनी शरीराचे भाग वेगळे केले. योगी बोलतो तेव्हा फक्त डोके हलते, धड तेच राहते, आणि डोके व धड यांचा जोड झाकण्यासाठी कॉलर आणि टाय असतो. बू-बूचा बोही हेच काम करतो. पळण्याच्या दृश्यात तेच झाड पुन्हा पुन्हा मागे जाते, हे तर आपण सगळ्यांनी लहानपणी मोजलेले आहे. आमच्या सरांनी ही कॉलर फळ्यावर काढून दाखवली, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले की अडचणीतून काढलेली वाट इतकी सुंदर असेल तर आपणही हे काम करावे.

पण या धाग्याच्या प्रश्नाशी अधिक जवळची गोष्ट आवाजाची आहे. योगीचा आवाज डॉस बटलर यांचा होता. बू-बूचा आवाज डॉन मेसिक यांचा, आणि रेंजर स्मिथचा आवाजही डॉन मेसिक यांचाच. मला हे कळले तेव्हा मी काम थांबवून जुने भाग पुन्हा ऐकले. एकच माणूस आधी मित्राच्या मऊ आवाजात “नको” म्हणतो आणि थोड्या वेळाने अधिकाऱ्याच्या करड्या आवाजात तेच पुन्हा म्हणतो. योगी पहिला आवाज ऐकून न ऐकल्यासारखे करतो आणि दुसऱ्यापासून पळतो. माझ्या आयुष्यात हे दोन्ही आवाज माझ्या आईचे होते, त्यामुळे ते एकाच गळ्यातून येऊ शकतात याचे मला नवल वाटले नाही.

सांगली

माझा अनुभव अगदी छोटा आहे. मी मराठी शाळेत होतो आणि आम्हाला इंग्रजी पाचवीपासून होते. योगी “पिकनिक” हा शब्द “पिक-अ-निक” असा तोडून म्हणत असे, आणि मी तो शब्द पहिल्यांदा त्याच्याच तोंडून ऐकलेला असल्यामुळे तोच खरा उच्चार समजत होतो. वर्गात मी तसे मोठ्याने वाचले तेव्हा सगळे हसले, पण बाईंनी हसणाऱ्यांना थांबवले आणि विचारले की हा शब्द मी कुठे ऐकला. मी सांगितले. पुढच्या आठवड्यात बाईंनी वर्गात येऊन सांगितले की त्यांनीही ते कार्टून पाहिले आणि बू-बू त्यांना फार आवडला. इंग्रजीची भीती माझ्या मनातून गेली ती त्या दिवशी.

डेन्व्हर, मूळ गाव चिपळूण

आम्ही आई-वडिलांना घेऊन यलोस्टोनला गेलो होतो. जेलीस्टोन हे नाव ज्याच्यावरून घेतले, ते १८७२ मध्ये स्थापन झालेले उद्यान हेच. आईने गाडीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लाडू घेतले होते. मुक्कामाच्या जागी तिथल्या रेंजरबाईंनी आम्हाला समजावले की खाण्याची एकही वस्तू उघड्यावर ठेवायची नाही. सगळे गाडीत बंद करायचे किंवा तिथल्या जाड लोखंडी पेटीत ठेवायचे, आणि अस्वल दिसले तर किमान शंभर यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर दूर राहायचे.

त्यांनीच सांगितले की पूर्वी इथली अस्वले रस्त्याच्या कडेला येऊन गाड्यांजवळ उभी राहत आणि लोक त्यांना हाताने खाऊ घालत. कचऱ्याच्या खड्ड्यांवर अस्वले जेवायला येत आणि ती पाहण्यासाठी बाके मांडलेली असत. त्यात माणसे जखमी होत आणि माणसांच्या अन्नाला सोकावलेली अस्वले शेवटी मारली जात. १९७० च्या सुमारास हे खड्डे बंद झाले, आणि अस्वलांना पुन्हा रानातले खाणे शोधायला भाग पाडले गेले. म्हणजे माणसांचे खाणे मागणारे अस्वल ही १९५८ मध्ये योगी काढणाऱ्यांची निव्वळ कल्पना नव्हती, ते इथले रोजचे दृश्य होते. आईला मी हे मराठीत सांगितले, तेव्हा तिला माथेरानची माकडे आठवली. आमच्या सहलीत तिच्या हातातली पिशवी एका माकडाने ओढून नेली होती आणि आम्ही मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिने स्वतःच्या हाताने लाडवांचा डबा त्या पेटीत ठेवून कडी दोनदा तपासली.

इचलकरंजी

धागा काढणाऱ्याने आपण बू-बू असल्याचे लिहिले आहे. मी योगी होतो, आणि माझा बू-बू वसतिगृहातला खोलीसोबती होता. रात्री भिंत ओलांडून बसस्थानकाजवळच्या गाड्यावर भजी खायला जायची कल्पना नेहमी माझी असे. तो प्रत्येक वेळी म्हणे, “रेक्टरसरांना कळले तर बरे होणार नाही,” आणि मग चपला हातात घेऊन माझ्यामागे येई. अकरावीत आम्ही पकडले गेलो. रात्रभर बाहेरच्या ओट्यावर बसवले गेले आणि सकाळी दोघांच्या घरी पत्रे गेली. त्याचे वडील सूतगिरणीत होते. ते पत्र वाचून एक दिवसाचा पगार बुडवून आले आणि सर्वांसमोर त्याला बोलले. मी शेजारीच उभा होतो. “मी नको म्हणालो होतो” एवढे एक वाक्य तो बोलला असता तर सुटला असता. तो बोलला नाही, आणि मीही त्याच्या बाजूने बोललो नाही, याची खंत मला पुढे कित्येक वर्षे होती.

गेल्या वर्षी त्याच्या मुलीच्या लग्नात मी ही सगळी हकीकत त्याच्या घरच्यांसमोर सांगितली. त्याचे वडील आता थकले आहेत. त्यांनी ती दोनदा विचारून नीट ऐकून घेतली आणि मुलाला विचारले, की मग त्या दिवशी का नाही सांगितलेस. तो जेवणाऱ्यांच्या पंगतीत वाढत होता. हातातले भांडे खाली न ठेवता तो म्हणाला, “भजी मीही खाल्ली होती, आबा.”