शिंगं जाळली ते बरंच केलं
वर एकांनी विचारलंय, आसामनं २०२१ मध्ये गेंड्यांची २,४७९ शिंगं जाळली, त्यापेक्षा विकून पैसा जंगलाला का नाही लावला? अहो, सरकारच विकायला बसलं की चोरीचा माल कोणता अन् सरकारी कोणता, कोण ओळखणार? अन् लोक औषध म्हणून ज्याच्यामागं लागतात त्या शिंगात असतं काय, तर केराटिन, आपल्या नखाकेसांत असतं तेच. आमच्या परभणीकडं पोळ्याआधी बैलांची शिंगं साळतात, तेव्हा पायाशी सालपटं पडतात ना, तेच. ती कुणी औषध म्हणून खात नाही!

मला जास्त घोर लागतो काझीरंगाच्या, म्हणजे आसामातल्या गेंड्यांच्या जंगलातल्या, पुराचा. पाणी चढलं की गेंडे हमरस्ता ओलांडून कार्बी आंगलाँगच्या टेकड्यांकडं निघतात. ती वाटच हॉटेलं अन् खाणींनी अडवली तर पहारेकऱ्याची बंदूक काय करणार?