‘अडचण सांगा’ लिहिलं तर हसतात का?

खारीचा वाटा: मोटार रिवाइंडिंग आणि घरगुती वायरिंग करणाऱ्यांसाठी आम्ही पाच-सहा जण एक छोटं अ‍ॅप करतोय. एकाने विचारायचं, बाकीच्यांनी सांगायचं, लागू पडलेलं उत्तर वर राहणार. नमुना स्टॅक ओव्हरफ्लोचा, म्हणजे प्रोग्रामर मंडळींच्या प्रश्नोत्तरांच्या साइटचा. ते पोर्तुगीज, रशियन, जपानी, स्पॅनिशमध्ये आहे, मराठीत नाही. म्हणजे आयते शब्द नाहीत. पहिल्याच बटणावर अडले. ‘प्रश्न विचारा’ लिहून कागदावरचा नमुना ओळखीच्या वायरमनला दाखवला. म्हणाला, “प्रश्न कशाला, परीक्षा आहे का? माझी मोटर ट्रिप होतीय.” मग ‘अडचण सांगा’ केलं. ते वाचून त्याची आई पदर तोंडाला लावून जी हसायला लागली! कारण विचारलं तर सांगेना. काय चुकलं?

माजघर: पाळी. आमच्या साताऱ्याकडे आजी ‘तिला अडचण आहे’ असंच म्हणायची. ‘कावळा शिवला’ पोरांसाठी, ‘अडचण’ पाहुण्यांसमोर.

तिरकस: चाळीस वर्षं पुण्यात काढली, हा अर्थ कधी ऐकला नाही. अडचण म्हणजे अडचण.

माजघर: तुम्हाला कळू नये म्हणूनच तो शब्द होता, काका.

बांधावरून: आमच्याकडे तर अडचण म्हणजे झाडोरा. ‘अडचणीत हात घालू नको, जनावर असंल.’ मूळ अर्थ हाच असणार, अडणं त्यावरून आलं.

तिरकस: उलट. अडणं आधी, अडचण नंतर. क्रियापद झाडोऱ्यातून उगवत नाही.

खारीचा वाटा: ‘शंका’ चालेल?

फळा-खडू: बावीस वर्षं शिकवतोय. ‘शंका असल्यास विचारा’ म्हटलं की वर्गात एकच करंगळी वर होते. शिवाय कारागिरांत शंका म्हणजे संशय. ‘मला त्या मिस्त्रीची शंका येते’ यात विचारण्यासारखं काही नसतं.

मूळपाठ: इतका घोळ कशाला? समस्या, निरसन, अनुमोदन, वापरकर्तास्नेही. सावरकरांनी दिनांक, महापौर दिले तेव्हाही नाकं मुरडली गेली. आज तेच शब्द बिनदिक्कत वापरता.

माजघर: वापरतो कुठे, लिहितो! अर्जावर रकाना छापलेला असतो म्हणून ‘दिनांक’ भरतो. पण लग्नाची तारीख धरतात, कोर्टात तारीख पडते. दिनांक कुणाची पडली?

मूळपाठ: कुणाचा पडला. दिनांक पुल्लिंगी आहे.

माजघर: बघा, लिंगसुद्धा माहीत नाही, इतका तो आमचा आहे.

फळा-खडू: मुद्दा बरा आहे. बटण हा अर्जातला रकाना की तोंडचं बोलणं? रकाना असेल तर ‘समस्या’ही खपेल. पण मोटर जळालेला माणूस एका हातात टेस्टर धरून दुसऱ्या अंगठ्याने ते बटण दाबणार, तर त्याच्या तोंडचं हवं. ‘काय झालं?’ एवढंच लिहा.

तिरकस: ‘वापरकर्तास्नेही’ हा शब्द स्वतःच वापरकर्त्याशी वैर धरून आहे. ‘वापरसुलभ’ निदान एका दमात म्हणता येतो.

खारीचा वाटा: ‘काय झालं?’ टिपून ठेवलं. दुसरी गाठ अशी: तोच प्रश्न आधी कुणी विचारला असेल तर नव्यावर शिक्का काय मारायचा? ‘पुनरावृत्ती’ लिहिलं तर ते पुस्तकाची आवृत्ती समजतात.

फळा-खडू: दुबार. मतदार यादीत दुबार नावं असतात. अख्ख्या महाराष्ट्राला कळतं.

बांधावरून: कळतं म्हणूनच नको. आमच्या कानाला दुबार म्हटलं की पेरणी. पाऊस ओढला, बियाणं गेलं, परत उसनवारी. विचारणाऱ्याला वाटेल आपलं काही बुडालं.

मूळपाठ: शब्द मात्र उत्तम. संस्कृत ‘द्विवार’पासून.

तिरकस: फारसी ‘दो’ आणि ‘बार’. हिंदीतला दुबारा ऐकला नाहीत?

मूळपाठ: मग फारसीतला ‘दो’ कुठला? ‘द्वि’चाच भाऊ ना?

तिरकस: भाऊ आहे, बाप नाही.

माजघर: ‘हे आधी विचारलंय, इथे बघा’ असं लिहा की. शिक्का कशाला हवा? नव्या माणसाच्या तोंडावर दार आपटल्यासारखं होतं.

खारीचा वाटा: हे पटलं. आता शेवटचं. उत्तर पटलं की वरचा बाण, नाही पटलं की खालचा. ‘मत’ म्हटलं की सगळे निवडणुकीचे विनोद करतात.

मूळपाठ: कौल! अस्सल मातीतला शब्द.

तिरकस: अरबी आहे हो. कौल म्हणजे वचन. कौलनामा त्यातलाच.

पाणंद: मी सिंधुदुर्गातला. अरबी असो नाहीतर काही, आमच्या देवळात रोजचा आहे. गाऱ्हाणं घालायचं, देवाला पाकळ्या किंवा तांदूळ लावायचे, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. प्रश्नोत्तरांची ही सोय तुमच्या २००८ सालच्या स्टॅक ओव्हरफ्लोच्या किती आधीची! बाण काढून टाका, उजवा कौल नि डावा कौल ठेवा.

फळा-खडू: झकास. स्टॅक ओव्हरफ्लोवर उत्तराला खालचा बाण दिला की बाण देणाऱ्याचाही एक गुण कापतात. डाव्या कौलाची दक्षिणा समजा.

बांधावरून: आमच्याकडे कौल फक्त छपरावर. मंगळुरी. वायरमन विचारेल, उजवं कौल फुटलंय का.

पाणंद: ते कौल नपुंसकलिंगी, हा पुल्लिंगी.

खारीचा वाटा: उजवी म्हणजे देवाची उजवी की बघणाऱ्याची? स्क्रीनवर बटण नेमकं कुठल्या बाजूला टाकू?

पाणंद: आमच्याकडे देवाची.

माजघर: आणि स्क्रीनवर देव कोण, विचारणारा की सांगणारा?

पाणंद: गुरवाला विचारून सांगतो.