होंडा-निस्सानचं फिसकटलं ते बरंच झालं: कार कंपन्यांच्या विलीनीकरणात गिऱ्हाइकाचा फायदा कुठे आहे?

दादरकर

२३ डिसेंबर २०२४ ला होंडा आणि निस्सानने एकत्र येण्याचा सामंजस्य करार जाहीर केला, तेव्हा जगातली तिसऱ्या क्रमांकाची कार कंपनी उभी राहणार म्हणून सगळीकडे कौतुक चाललं होतं. दोन महिनेही टिकलं नाही. होंडाने मध्येच निस्सानला ‘आमची उपकंपनी व्हा’ म्हटलं, निस्सानला ते पटलं नाही आणि १३ फेब्रुवारी २०२५ ला बोलणी संपली. या गोष्टीचा विषय निघाला की आजही बहुतेक लोक हळहळतात. मला अजिबात हळहळ वाटत नाही.

माझ्या मते मालक बदलणं वेगळं आणि बाजारातला प्रतिस्पर्धी कमी होणं वेगळं. २००८ मध्ये टाटा मोटर्सने फोर्डकडून जग्वार लँड रोव्हर २.३ अब्ज डॉलरला घेतली. २०१० मध्ये चीनच्या गीलीने व्होल्वो घेतली, तीही फोर्डकडूनच. दोन्ही वेळा गिऱ्हाइकासमोरचे पर्याय होते तेवढेच राहिले, आणि फोर्डला नकोशा झालेल्या कंपन्यांना लक्ष घालणारा मालक मिळाला. असे व्यवहार खुशाल व्हावेत. पण एकाच गिऱ्हाइकासाठी झगडणाऱ्या दोन कंपन्या एक झाल्या, की त्यांच्यातली चुरस त्याच दिवशी संपते. स्टेलांटिसचंच बघा. २०२१ मध्ये प्यूजो, सिट्रोएन, ओपल, फियाट, जीप असे १४ ब्रँड एका छपराखाली आले. यातले निम्मे तरी युरोपातल्या छोट्या गाडीच्या त्याच गिऱ्हाइकामागे होते. डिसेंबर २०२४ मध्ये प्रमुख कार्लोस ताव्हारेस यांनी राजीनामा दिला तेव्हा अमेरिकेतल्या डीलरांकडे न विकलेल्या गाड्या साचलेल्या होत्या. आकार मोठा झाला, त्याने गाडी चांगली झाली नाही की स्वस्तही झाली नाही.

आपल्याकडे विलीनीकरण नसतानाही हे दिसायला लागलंय. मारुतीची बलेनो आणि टोयोटाची ग्लान्झा, मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर. दोन शोरूम फिरून आलात तरी खालची गाडी एकच. उद्या चार कंपन्या एक झाल्या तर घासाघीस करायची कोणाशी?

नटबोल्ट

दादरकर, मी गाड्यांच्या डिझाइनमध्ये नोकरी करतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आज कंपनीला एकाच वेळी पेट्रोल, हायब्रिड आणि इलेक्ट्रिक अशा तिन्हींवर पैसा घालावा लागतो. वर गाडीचं सॉफ्टवेअर, ते तर पूर्वी नव्हतंच. हा खर्च गाड्यांच्या संख्येवर वाटला जातो. संख्या कमी असली की प्रत्येक गाडीवर बोजा जास्त. चीनच्या बीवायडीने २०२४ मध्ये ४२ लाखांहून जास्त गाड्या विकल्या. होंडा मागे पडली, निस्सानही मागे पडली. अशा वेळी जपान्यांनी वेगवेगळं लढून काय साधणार?

‘बरंच झालं’ म्हणताना पुढे काय झालं तेही लिहा. मे २०२५ मध्ये निस्सानने २०,००० नोकऱ्या कमी करायचं आणि कारखाने १७ वरून १० वर आणायचं जाहीर केलं. आणि विलीनीकरण यशस्वी होतच नाही असंही नाही. १९९७ मध्ये किआ बुडाली, दुसऱ्या वर्षी ह्युंदाईने घेतली. आज ह्युंदाईची क्रेटा आणि किआची सेल्टॉस एकमेकींची गिऱ्हाइकं पळवतात. चुरस संपली का?

दादरकर

निस्सानमधली कपात विलीनीकरणाने टळली नसती. आधी घर सावरा, मग बोलू, ही होंडाचीच अट होती. आणि बीवायडीचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. १९९५ मध्ये बॅटरी बनवणारी कंपनी म्हणून ती सुरू झाली आणि बॅटरीच्याच जोरावर मोठी झाली. दुसऱ्या बड्या कार कंपनीत मिसळून नाही.

ह्युंदाई-किआचं यश मान्य. पण क्रेटा-सेल्टॉसची चुरस तुम्हाला भारतात दिसते, कारण इथे मारुती, टाटा, महिंद्रा मानगुटीवर बसलेत. कोरियातल्या घरच्या बाजारात त्या समूहाचा वाटा निम्म्याहून कितीतरी जास्त आहे. तिथल्या गिऱ्हाइकाने जायचं कुठे?

कुर्ला_वेस्ट

आमचं सीएसटी रोडला स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. गल्ल्यावर बसून जे दिसतं ते लिहितो.

कंपन्या एकत्र आल्या की पार्ट मिळणं सोपं होतं, हा माझा अनुभव. फियाटचं १.३ मल्टिजेट डिझेल इंजिन घ्या. फियाट आणि जनरल मोटर्स २००० साली एकत्र आल्या होत्या, त्या काळातलं हे काम. आपल्याकडे तेच इंजिन स्विफ्ट-डिझायरमध्ये, टाटाच्या व्हिस्टात, फियाटच्या पुंटोत, जनरल मोटर्सच्या शेवरले सेल गाडीमध्ये. आज फियाट इथे गाड्या विकत नाही, शेवरलेची विक्री २०१७ च्या अखेरीस थांबली, तरी त्या इंजिनाचा टायमिंग चेन किट मागितला तर मी उठून फळीवरून काढून देतो. एकट्या कंपनीचं एकटं इंजिन असतं तर गाडी भंगारात गेली असती.

अडतं ते बॉडी पार्टला. टेललॅम्प, बंपरची क्लिप, दरवाजाचं बीडिंग. आणि हल्ली त्याहून वाईट म्हणजे कोडिंग. ब्रेकच्या एबीएसचं युनिट नवं बसवलं तरी कंपनीच्या स्कॅनरशिवाय गाडी ते ओळखत नाही, मीटरवर पिवळा दिवा तसाच. गॅरेजवाला हुशार असून काय करणार? २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोकला तो याचसाठी, की अस्सल पार्ट आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाहीत. कंपन्या कोर्टात गेल्या. आमच्या रस्त्यावर अजून फार काही बदललेलं नाही. तेव्हा दादरकर, कंपन्या दहा असल्या तरी प्रत्येकीने आपापलं कुलूप लावलं तर तुमची स्पर्धा शोरूमच्या दारातच संपते.

मीटरडाऊन

आमच्या घरात दोन पिढ्या टॅक्सी. वडिलांची प्रीमियर पद्मिनी, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. पावसात वायपर बंद पडायचा आणि ते खिडकीतून हात काढून काच पुसायचे. त्या गाडीवर माझा जीव आहे, पण वर्षानुवर्षं ती होती तशीच का राहिली तेही सांगतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर काढली. परमिटच्या काळात तिच्यापुढे अँबॅसेडर सोडली तर होतं कोण? लोक नंबर लावून थांबायचे. १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हे चित्र पालटलं.

मग प्रीमियरने परदेशी हात धरला. प्यूजोबरोबर कल्याणला त्यांची ‘३०९’ ही गाडी बनवायला घेतली, १९९७ मध्ये प्यूजो निघून गेली. हातमिळवणी मोडली की बाहेरचा भागीदार आपल्या देशात परत जातो, कामगार इथेच राहतो. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागेवर आता टॉवर आहेत. ‘मोठ्याशी जुळवून घ्या म्हणजे तराल’ हे आमच्या वस्तीत कोणाला सांगू नका.

राबाळे_एमआयडीसी

सगळे गिऱ्हाइकाचंच बोलतायत. आम्ही रबरी बुश आणि माउंटिंग बनवतो, आमचा माल पहिल्या फळीच्या पुरवठादारामार्फत गाड्यांत जातो. दोन कंपन्या एक झाल्या की पहिला फोन खरेदी खात्याचा येतो. दोघींना वेगवेगळे दर दिलेले असतात, त्यातला जो कमी तो दोन्हीकडे लावा म्हणतात. मग दोन पुरवठादारांपैकी एकच ठेवतात.

पण दादरकरांची मोकाट स्पर्धाही मला नको. चीनमध्ये दरयुद्ध इतकं पेटलं की जून २०२५ मध्ये तिथल्या मोठ्या कंपन्यांना पुरवठादारांचे पैसे ६० दिवसांत देऊ अशी जाहीर हमी द्यावी लागली. म्हणजे गाडी स्वस्त होत होती ती कोणाच्या थकलेल्या बिलांवर, ते कळलं.

नटबोल्ट

राबाळे, पूर्ण सहमत. आणि दादरकर, तुमची ‘मालक बदलला तर चालेल’ ही रेघ सरळ नाही. महिंद्राने २०११ मध्ये कोरियाची सँगयाँग घेतली. पैसा ओतला, तरी २०२० च्या डिसेंबरात तिने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. लक्ष घालणारा मालक होता ना?

दादरकर

होता, आणि तो हरला. त्याचा चटका महिंद्राच्या भागधारकांना बसला. पण कोरियन गिऱ्हाइकाचा एक पर्याय पुसला गेला नाही. तिथल्याच केजी समूहाने कंपनी घेतली, ती आजही गाड्या बनवते. मी म्हणतो तो फरक हाच. त्याच महिन्यात, ३१ डिसेंबर २०२० ला, फोर्डबरोबरचा संयुक्त कंपनीचा बेतही महिंद्राने सोडला. त्यानंतर स्वतःच्या बळावर एक्सयूव्ही ७००, स्कॉर्पिओ एन, बीई ६ काढल्या.

नटबोल्ट

बीई ६ मध्ये बॅटरीचे सेल बीवायडीचे आणि इलेक्ट्रिक प्लॅटफॉर्मचे काही भाग फोक्सवॅगनकडचे. याला स्वतःचं बळ म्हणायचं?

दादरकर

म्हणायचं. सेल विकत घ्या, मोटर विकत घ्या, खर्च वाटून घ्या. गाडीचा भाव आणि तिची पुढची सेवा यांचे निर्णय मात्र वेगळ्या दोन टेबलांवर व्हावेत. निस्सान आणि होंडाने हेच करावं. राबाळेंच्या थकलेल्या बिलांना कायद्याचा आधार हवा, त्यासाठी कंपन्यांची संख्या घटवायची गरज नाही.

कुर्ला_वेस्ट यांचा मुद्दा मी माझ्या म्हणण्यातच घालतो. आपला स्पर्धा आयोग विलीनीकरणाला मंजुरी देताना अटी घालू शकतो. तिथेच लिहून घ्यावं: बंद होणाऱ्या प्रत्येक मॉडेलचे पार्ट दहा वर्षं, आणि कोडिंगचं सॉफ्टवेअर बाहेरच्या गॅरेजला खुलं.

कुर्ला_वेस्ट

दहा वर्षं लिहाल तर भाव आणि मुदतही लिहा. आत्ताही पार्ट ‘नाही’ असं कोणी म्हणत नाही. ‘ऑर्डर टाकतो’ म्हणतात, आगाऊ पैसे घेतात आणि गाडी महिनोन्‌महिने गॅरेजच्या दारात उभी राहते.